अमेरिकन टीव्ही, काळे-गोरे आणि एकत्र बघणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी १९९४ ला लग्न करून न्यू जर्सीत आले. पहिली काही वर्षं व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे दिवसभर घरात टीव्ही चालू असायचा आणि हा देश मला आधी टीव्हीवरूनच कळला. कूपन कसं कापायचं, बर्फाची वॉर्निंग म्हणजे काय, आणि इथले काळे-गोरे एकाच गावात राहून एकमेकांपासून किती लांब असतात, हे सगळं. आता भाचरं, पुण्यातल्या मैत्रिणी, मंडळात नव्याने आलेली मुलंमुली फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच बसून लिहितेय.

"सगळे एकत्र बघायचे" असं तू सारखं म्हणतेस, म्हणजे नक्की काय?

रविवारी सकाळी रामायण लागलं की रस्ते ओस पडायचे, आठवतंय ना? अमेरिकेत तसं जवळजवळ तीस वर्षं रोज रात्री होतं. सीबीएस, एनबीसी आणि एबीसी असे तीनच मोठे नेटवर्क, त्यामुळे कुठलाही कार्यक्रम लावा, देशाचा मोठा हिस्सा तोच बघतोय. फरक इतकाच की आपलं दूरदर्शन सरकारी होतं आणि हे सगळं जाहिरातीवर चालायचं. साबणवाला, गाडीवाला पैसे देणार, आणि त्याला एकच भीती की कोणी चिडून चॅनल बदलू नये. आता "कोणी" म्हणजे कोण? त्या काळात कंपन्यांच्या डोळ्यापुढचं गिऱ्हाईक गोरं होतं. म्हणजे सगळ्यांनी मिळून बघायचं, पण कोणाला अवघडल्यासारखं वाटू नये याची काळजी मात्र एकाच बाजूची. माझ्या मते बाकी सगळी गोष्ट याच्यातूनच निघते.

सुरुवातीला कृष्णवर्णीय लोक टीव्हीवर दिसायचेच नाहीत का?

दिसायचे, पण मोलकरीण, हमाल, नाहीतर विनोदी माणूस म्हणून. सगळ्यात गाजलेला 'अमॉस अँड अँडी'. रेडिओवर १९२८ पासून दोन गोरे कलाकार आवाज बदलून काळ्या माणसांची नक्कल करायचे आणि देश हसायचा. १९५१ ला सीबीएसने तो टीव्हीवर आणला तेव्हा गोऱ्यांना काळं फासून चालणार नव्हतं म्हणून खरे कृष्णवर्णीय कलाकार घेतले, पण पात्रं तीच, आळशी नाहीतर लबाड. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने जोरात विरोध केला, १९५३ मध्ये नवीन भाग थांबले, तरी जुने भाग १९६६ पर्यंत गावोगावच्या स्टेशनवर चालू होते! लोक विसरतात ते हे. कार्यक्रम बंद झाला म्हणजे तो दिसायचा थांबला असं नसतं.

दुसरं उदाहरण मला जास्त लागतं. नॅट किंग कोल, इतका मोठा गायक, गोऱ्यांच्याही घरोघरी त्याच्या रेकॉर्डी. नोव्हेंबर १९५६ ला एनबीसीने त्याला स्वतःचा शो दिला. एला फिट्झजेराल्ड, हॅरी बेलाफॉन्टे असे नावाजलेले कृष्णवर्णीय गायक अगदी किमान मानधनावर येऊन गायले, कारण त्यांना हा शो टिकायला हवा होता. पण देशभराचा एकही मोठा स्पॉन्सर मिळाला नाही, वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिणेतल्या राज्यांमधल्या गोऱ्या गिऱ्हाइकांचा बहिष्कार कोण ओढवून घेणार. डिसेंबर १९५७ ला कोलने स्वतःच शो थांबवला. म्हणजे त्याचं गाणं विकत घेणाऱ्या लोकांच्याच घरात तो आठवड्यातून एकदा पाहुणा म्हणून चालत नव्हता.

दक्षिणेतली स्टेशनं खरंच कार्यक्रम मधेच कापायची?

हो. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराचं डब्ल्यूएलबीटी हे स्टेशन बघा. १९५५ मध्ये एनबीसीवर थरगूड मार्शल बोलत होते, शाळांमधला वर्णभेद कोर्टात हरवणारे वकील, पुढे ते सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले. स्टेशनने मुलाखत कापली आणि स्क्रीनवर पाटी लावली, केबलमध्ये बिघाड आहे, क्षमस्व. बिघाड वगैरे काही नव्हतं. आणि त्या भागातली ४० टक्क्यांहून जास्त वस्ती कृष्णवर्णीय होती, म्हणजे टीव्ही त्यांनीही विकत घेतलेला.

पुढे युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टचे एव्हरेट पार्कर या पाद्र्यांनी स्वयंसेवक बसवून त्या स्टेशनचे कार्यक्रम टिपून घेतले आणि १९६४ ला लायसन्सवर आक्षेप घेतला. सरकारी आयोगाचं म्हणणं, बघणाऱ्यांचा यात काय संबंध, हा स्टेशन आणि सरकारमधला मामला. १९६६ ला कोर्टाने सांगितलं की संबंध आहे, बघणाऱ्यालाही बोलायचा हक्क आहे, आणि १९६९ मध्ये लायसन्स गेलं. नटनट्यांच्या गोष्टी सगळे सांगतात, पण मला विचाराल तर अमेरिकन टीव्ही बदलायला खरी सुरुवात या केसने केली. प्रेक्षक हा फक्त आकडा नाही, त्याला कायद्यात जागा आहे हे पहिल्यांदा ठरलं, आणि ते ठरवून घेतलं ते आठवडाभर वही-पेन घेऊन टीव्हीसमोर बसलेल्या लोकांनी.

स्टार ट्रेकमधला तो किस इतका मोठा होता का?

नोव्हेंबर १९६८, 'स्टार ट्रेक' या अंतराळातल्या मालिकेत गोरा कॅप्टन कर्क आणि कृष्णवर्णीय अधिकारी उहुरा यांचा किस. त्याला टीव्हीवरचा पहिलाच म्हणतात त्याबद्दल वाद आहेत, मी त्यात पडत नाही. मला उहुरा झालेल्या नीशेल निकोल्सची वेगळी गोष्ट आवडते, ती पहिल्या सीझननंतर सोडून ब्रॉडवेला जाणार होती आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला थांबवलं, की तू मोलकरीण नाहीयेस, तू अधिकारी आहेस, हे घराघरात दिसतंय. स्टार ट्रेक पुढे आपल्याकडे दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचं, माझा दादा जागचा हलायचा नाही. आम्हाला तेव्हा उहुरा काळी आहे यात काही विशेष वाटलं नव्हतं, ती हुशार आहे एवढंच कळायचं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका स्पेशल कार्यक्रमात गोऱ्या पेटुला क्लार्कने गाताना हॅरी बेलाफॉन्टेच्या हाताला हात लावला, नुसता हात, तर स्पॉन्सर मोटार कंपनीचा माणूस अस्वस्थ, दुसरा टेक वापरा म्हणाला. तिने आणि तिच्या नवऱ्याने बाकीचे टेक पुसायला लावले म्हणून तो हात टीव्हीवर दिसला.

सत्तरच्या दशकात एकदम इतके ब्लॅक शो कसे आले?

आधी १९६८ ला 'ज्युलिया' आला, डायहॅन कॅरल नर्स झालेली, नवरा व्हिएतनामच्या युद्धात मारला गेलेला, एक लहान मुलगा. छान घर, छान कपडे. शहरं जळत होती, किंग यांची हत्या त्याच वर्षीची, आणि ही बाई नीटनेटक्या फ्लॅटमध्ये हसतमुख, यावरून टीका झाली. तिच्यावर सगळा भार टाकणं मला अन्याय वाटतो, एकच पात्र सगळ्या समाजाचं कसं होणार.

मग निर्माता नॉर्मन लिअर. 'ऑल इन द फॅमिली' १९७१, त्यातला आर्ची बंकर उघड वर्णद्वेषी, आणि लिअरला वाटलं लोक त्याला हसतील. पुष्कळ लोक त्याच्याबरोबर हसले. एकच जोक, एकच देश, एकच वेळ, पण दोन घरात दोन वेगळ्या कारणाने हशा. एकत्र बघणं म्हणजे एकच गोष्ट बघणं नव्हे, हे तेव्हाही दिसत होतं.

'गुड टाइम्स' १९७४ चा, शिकागोच्या सरकारी चाळवजा बिल्डिंगमधलं गरीब कुटुंब. एस्थर रोलने अट घातली होती की घरात बाप हवा, कष्ट करणारा, बायकोमुलांना धरून राहणारा, नाहीतर मी करणार नाही. तो मिळाला, जॉन एमॉस. पण गर्दी खेचायला लागला थोरला मुलगा जेजे, डोळे मोठे करून 'डायनोमाइट' ओरडणारा, मग तोच पुढे, तोच जास्त. एमॉसने लेखकांशी भांडून भांडून १९७६ ला नोकरी गमावली, रोल १९७७ ला निघून गेली, नंतर परत आली. पुन्हा तोच 'अमॉस अँड अँडी'चा साचा मागच्या दाराने आत.

'रूट्स'बद्दल तू इतकं का बोलतेस?

कारण तसं परत झालं नाही. जानेवारी १९७७, एबीसी, सलग आठ रात्री. ॲलेक्स हेलीच्या पुस्तकावरून, गॅम्बियातून पकडून आणलेल्या कुंता किंतेपासून पुढच्या पिढ्यांची गुलामगिरीची कथा. सलग आठ दिवस लावण्यामागे थोडी भीतीही होती असं सांगतात, की पडलाच तर एका आठवड्यात संपून जाईल. पडला नाही. शेवटचा भाग सुमारे १० कोटी लोकांनी पाहिला, टीव्ही असलेल्या घरांपैकी निम्म्याहून जास्त घरं. त्यातल्या कुंताच्या मुलीवरून त्या वर्षी मुलींची नावं किझी ठेवली लोकांनी.

आमच्या पहिल्या अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर एक आफ्रिकन-अमेरिकन आजी राहायच्या, पोस्टातून रिटायर झालेल्या. मी लायब्ररीतून कॅसेट आणल्या तर म्हणाल्या एकटी बघू नकोस, मी येते. त्या सोफ्याच्या कडेला बसायच्या, मी चहा करायचे, त्यांना आलं घातलेलाच लागायचा. त्यांनी सांगितलं की १९७७ ला पहिल्या भागाच्या दुसऱ्या दिवशी ब्रेकरूममध्ये कोणी कोणाकडे बघत नव्हतं, आणि तिसऱ्या दिवशी एक गोरा सहकारी, ज्याच्याशी सात वर्षांत 'गुड मॉर्निंग'पलीकडे बोलणं नव्हतं, समोर येऊन बसला आणि विचारलं तुमचे लोक कुठून आले. त्या म्हणाल्या, मला माहीत नव्हतं. तेच तर.

आता दुसरी बाजू पण सांगते. गोऱ्या प्रेक्षकाने चॅनल बदलू नये म्हणून ओळखीचे, लाडके गोरे टीव्हीस्टार घेतले होते, आणि गुलामांच्या जहाजाचा कॅप्टन मुद्दाम सद्सद्विवेकाची टोचणी असलेला दाखवला, एड ॲस्नरने केला तो. पुस्तकाची धार कमी केली. म्हणजे १० कोटी लोक एकत्र आले त्याचीही किंमत होतीच. मला तरीही वाटतं ती किंमत देण्यासारखी होती, आजींनाही तसंच वाटायचं, पण त्यांची मुलगी यावर त्यांच्याशी कडाडून भांडायची आणि तिचंही चूक नव्हतं.

कॉस्बी शो आता बघावा का?

तुमचं तुम्ही ठरवा. बिल कॉस्बीवर अनेक स्त्रियांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले, २०१८ ला तो दोषी ठरला, २०२१ ला पेनसिल्व्हेनियाच्या सुप्रीम कोर्टाने प्रक्रियेच्या कारणावरून ती शिक्षा रद्द केली. मला आता बघवत नाही.

पण इतिहासातून तो शो काढता येत नाही. १९८४ ते १९९२, बाप डॉक्टर, आई वकील, पाच मुलं, सलग पाच सीझन देशात एक नंबर. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या सट जाली आणि जस्टिन लुईस या दोन अभ्यासकांनी गोऱ्या आणि काळ्या प्रेक्षकांशी गटागटाने बोलून १९९२ ला जे मांडलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. गोरे प्रेक्षक या कुटुंबावर मनापासून प्रेम करत होते, आणि त्याच प्रेमातून निष्कर्ष काढत होते की बघा, यांना जमलं, म्हणजे आता अडथळा उरलाच नाही, ज्यांना जमत नाही त्यांचाच दोष.

आणि शेवटचा भाग कधी लागला माहितीये? ३० एप्रिल १९९२. आदल्या दिवशी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस कोर्टात सुटले होते आणि लॉस एंजेलिस पेटलं होतं. तिथले महापौर टॉम ब्रॅडली, स्वतः कृष्णवर्णीय, लोकांना सांगत होते की घरी थांबा, कॉस्बीचा शेवटचा भाग बघा. बातम्यांत आग, मग अर्धा-एक तास ते सुंदर घर, मग परत आग.

'फ्रेंड्स'मध्ये न्यूयॉर्क असून सगळे गोरेच कसे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मी आले तेव्हाच तो सुरू झाला, सप्टेंबर १९९४. पण त्याच्या वर्षभर आधी फॉक्सवर 'लिव्हिंग सिंगल' आला होता, ब्रुकलिनमधले सहा कृष्णवर्णीय मित्रमैत्रिणी, एकमेकांच्या घरात सतत येजा, क्वीन लतिफा मुख्य भूमिकेत, लिहिणारी यव्हेट ली बाउझर. दोन्ही शो वॉर्नर ब्रदर्सचेच. एकाला जगभर ब्रँड केलं, दुसरा तुमच्यापैकी किती जणांना माहीत होता?

मी दोन्ही बघायचे कारण मला कोणी सांगितलंच नव्हतं की कुठला कोणाचा. तोपर्यंत केबल वाढलेलं, चॅनल वाढलेले, आणि कृष्णवर्णीय घरात आवडते कार्यक्रम कुठले आणि गोऱ्या घरात कुठले या दोन याद्या जवळजवळ वेगळ्या झालेल्या. 'साइनफेल्ड' सगळ्या देशाचा शो म्हणायचे, पण खालच्या आजींनी तो कधी लावला नाही.

त्यात धंद्याची चाल अशी होती, ती समजून घ्या. फॉक्स नवीन नेटवर्क, मोठ्या तिघांशी थेट लढता येत नव्हतं, मग ज्यांना कोणी विचारत नाही ते प्रेक्षक घ्या, म्हणून 'इन लिव्हिंग कलर', 'मार्टिन', 'रॉक'. पाय रोवला, फुटबॉलचे हक्क मिळाले, तरुण गोरा पुरुष प्रेक्षक आला, आणि १९९४ मध्ये 'रॉक', 'साउथ सेंट्रल', 'सिनबाड शो', 'इन लिव्हिंग कलर' एका वर्षात बंद. मग यूपीएन आणि डब्ल्यूबी हे आणखी दोन नेटवर्क आले, त्यांनीही तेच केलं, तेच प्रेक्षक, तीच शिडी. २००६ ला दोन्ही मिळून सीडब्ल्यू झालं आणि 'गर्लफ्रेंड्स' हा कृष्णवर्णीय मैत्रिणींचा, आठ सीझन चाललेला शो २००८ ला शेवटचा भागही न करता संपला. आठ वर्षं सोबत केलेल्या बायकांना साधा निरोप दिला नाही, याचा मला अजून राग येतो.

मग स्ट्रीमिंगमुळे चांगलं झालं का वाईट?

चित्रण चांगलं झालं, नक्कीच. 'स्कँडल' २०१२ ला आला तेव्हा नेटवर्कच्या ड्रामात कृष्णवर्णीय स्त्री मुख्य भूमिकेत दिसून जवळपास चाळीस वर्षं झाली होती. २०१५ ला व्हायोला डेव्हिसला ड्रामातल्या मुख्य अभिनेत्रीचं एमी हे टीव्हीचं मोठं पारितोषिक मिळालं, कृष्णवर्णीय स्त्रीला पहिल्यांदाच. कॉमेडीत १९८१ ला इझाबेल सॅनफर्डला मिळालं होतं, त्यानंतर 'ॲबट एलिमेंटरी'च्या क्विंटा ब्रन्सनला, थेट जानेवारी २०२४ मध्ये. लिहिणारे बदलले म्हणून पात्रं बदलली, आता एका ज्युलियाला सगळ्यांचा भार वाहावा लागत नाही. पण माझ्या ऑफिसात ब्रेकरूममध्ये चौघं बसलो तर चौघांनी वेगवेगळं काहीतरी बघितलेलं असतं, आणि पोस्टातला तो माणूस समोर येऊन बसेल असं कारणच उरलेलं नाही. 'ॲबट' त्याला थोडा अपवाद, आमच्याकडे तो सगळे बघतात.

यात आपण देशी लोक कुठे होतो?

बरीच वर्षं अपू. 'सिम्प्सन्स' या कार्टून सिरियलमधला भारतीय दुकानदार, १९९० पासून, आवाज हँक अझारिया या गोऱ्या कलाकाराचा. माझ्या मुलाला शाळेच्या बसमध्ये रोज त्या ॲक्सेंटमध्ये 'थँक यू, कम अगेन' ऐकावं लागायचं, त्याचा जन्म इथला, त्याला असा ॲक्सेंटच नाही. तो घरी येऊन मला सांगायचा की आई तू शाळेत येऊ नकोस. माझ्या बोलण्यामुळे. बारा वर्षांचा होता. २०१७ ला हरी कोंडाबोलूने यावर डॉक्युमेंटरी केली, २०२० ला अझारियाने तो आवाज सोडला आणि नंतर माफीही मागितली. मुलगा तेव्हा नोकरीला लागलेला, त्याने मला लिंक पाठवली, खाली काही लिहिलं नाही.

पुढे २०१५ ला प्रियांका चोप्राची 'क्वांटिको', २०२० ला मिंडी केलिंगची 'नेव्हर हॅव आय एव्हर'. आणि २०२२ ला 'ब्रिजर्टन'चा दुसरा सीझन! मुंबईहून आलेल्या दोन बहिणी लंडनच्या दरबारात, आणि थोरली केट सांगते की धाकटीला मराठी आणि हिंदुस्तानी येतं. मी रिमोट उचलून ते वाक्य परत लावलं. अमेरिकन सिरियलमध्ये मराठीचं नाव. त्या वडिलांना आप्पा म्हणतात, आडनाव शर्मा, बहिणीला बंगाली 'बोन', सगळा गोंधळ आहे हे मान्य, पण आप्पा दाक्षिणात्य म्हणून जे हसत होते त्यांना सांगते, माझ्या आजोबांना अख्खं घर आप्पाच म्हणायचं.

आपल्या मराठी सिरियलवर पण बोल की.

बोलते, थोडक्यात. २०१९ ला 'रंग माझा वेगळा' आली, सावळ्या मुलीला होणारा त्रास हाच विषय, आणि त्यासाठी रेश्मा शिंदेला मेकअपने सावळं केलं. अभिनेत्रीबद्दल तक्रार नाही, ती चांगलं काम करते. पण महाराष्ट्रात सावळी अभिनेत्री मिळाली नाही यावर माझा विश्वास बसत नाही. माझ्या सासूबाई ती सिरियल रोज बघायच्या आणि दीपासाठी रडायच्या, आणि त्याच तोंडाने नातसुनेचा रंग विचारायच्या.

आता अमेरिकेत सगळे मिळून काय बघतात?

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची वर्षाची फायनल. २०२५ चा सरासरी १२ कोटी ७७ लाख लोकांनी पाहिला. बाकी जवळजवळ काही नाही.

सुरुवात कुठून करू?

'लिव्हिंग सिंगल'चा पहिला सीझन आणि लगेच 'फ्रेंड्स'चा पहिला, आलटून पालटून. मग 'गुड टाइम्स'चे पहिले दहा-बारा भाग, जॉन एमॉस असेपर्यंतचेच. 'रूट्स' शेवटी ठेवा, रोज एक भाग, सगळे एका दिवसात नको, आणि कोणालातरी बोलवा बघायला. चहात आलं घाला.